विद्युत क्षेत्र, कर्करोग आणि घाम

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. कल्याणला राहणाऱ्या माझ्या काकांच्या छातीत मधूनच धडधडत असे. डॉक्टरांनी चोवीस तास हृदयाची नोंद घेणारे यंत्र लावायला सांगितले. छातीवर जेल लावलेल्या गोल चकत्या चिकटवायच्या आणि त्यांच्या वायरी कमरेच्या डबीत जोडायच्या, एवढेच ते यंत्र. काकांनी ते लावले, नेहमीप्रमाणे लोकल पकडून ठाण्याला गेले, कामे उरकली आणि संध्याकाळच्या गर्दीत उभ्याने परत आले. दुसऱ्या दिवशी नोंद पाहिली तर दुपारपासून पुढचा बराच भाग वाया गेलेला. घामाने दोन चकत्या सुटल्या होत्या. काका म्हणाले, "अगं, धडधड झाली ती नेमकी ठाण्याच्या पुलावर, आणि तेव्हाच यंत्र झोपलेलं!"

यंत्र पुन्हा लावले आणि काम भागले. नोंद घेणारी चकती सुटली तर फार तर एक दिवस वाया जातो. पण चकती नोंद घेण्यासाठी नसून उपचार देण्यासाठी असेल, आणि ती दिवसाचे अठरा तास, महिनोन्महिने चिकटून राहण्यावर रोग्याचे आयुष्य अवलंबून असेल तर? असा एक उपचार आज प्रत्यक्षात आहे. मेंदूच्या एका भयंकर कर्करोगावर तो वापरला जातो. त्यातली वीज समजायला अवघड नाही. अवघड आहे ती वीज आणि माणूस यांच्यामधली दोन-चार मिलिमीटरची पट्टी.

इस्रायलमधील हैफा येथील टेक्निऑन संस्थेतले शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक योराम पाल्टी यांना एक प्रश्न पडला. विजेचे शरीरावर होणारे परिणाम आपल्याला दोन प्रकारचे माहीत आहेत. घरातल्या विजेसारखा सेकंदाला ५० आवर्तने करणारा प्रवाह शरीरातून गेला तर मज्जातंतू आणि स्नायू उत्तेजित होतात, म्हणजेच 'शॉक' बसतो. वारंवारता खूप वाढवली, सेकंदाला कोट्यवधी आंदोलनांपर्यंत नेली, तर ऊती तापतात. मायक्रोवेव्ह शेगडीत अन्न तापते ते असेच. पण या दोहोंच्या मधल्या पट्ट्याचे काय? १०० ते ३०० किलोहर्ट्झच्या वारंवारतेला मज्जातंतूंना प्रतिसाद द्यायला वेळच मिळत नाही, आणि क्षेत्र सौम्य असेल तर ऊती फारशा तापतही नाहीत. म्हणून हा पट्टा शरीराच्या दृष्टीने निरुपद्रवी आणि म्हणून निरुपयोगी समजला जाई. मध्यम लहरींवर ५५८ किलोहर्ट्झला मुंबई 'ब' केंद्र लावणाऱ्या वाचकांना अंदाज येईल. रेडिओच्या त्या काट्याच्याही बरीच खालची ही जागा आहे.

पाल्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, दर सेंटिमीटरला एक-दोन व्होल्ट एवढ्या सौम्य क्षेत्रात ठेवलेल्या कर्कपेशींचे विभाजन अडखळते. न विभागणाऱ्या पेशींवर मात्र फारसा परिणाम होत नाही. मेंदूतल्या मज्जापेशी प्रौढ वयात जवळजवळ विभागतच नाहीत, तर त्यांच्या शेजारी वाढणाऱ्या गाठीतल्या पेशी भराभर विभागतात. म्हणून मेंदूचा कर्करोग ही या पद्धतीची पहिली परीक्षा ठरली.

विभाजन का अडखळते? दहावीच्या पुस्तकातले सूत्री विभाजनाचे चित्र आठवा. गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणारे तर्कुतंतू ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या विटांनी बांधलेले असतात. या विटेची एक बाजू अधिक धन, दुसरी अधिक ऋण असते. म्हणजे ती एक विद्युत द्विध्रुव आहे. बाहेरचे क्षेत्र सेकंदाला दोन लाख आवर्तने करत असेल तर विटा नीट रचल्या जाणार नाहीत, असे एक स्पष्टीकरण देतात. दुसरे स्पष्टीकरण विभाजनाच्या अखेरच्या टप्प्यासंबंधी आहे. त्या वेळी पेशीचा आकार डमरूसारखा होतो. डमरूच्या बारीक कमरेपाशी क्षेत्ररेषा दाटतात, क्षेत्र विषम होते, आणि विषम क्षेत्रात द्विध्रुवांवर एका बाजूला ओढणारे बल निर्माण होते.

ही स्पष्टीकरणे चित्रात छान दिसतात. पण बारावीचा विद्यार्थीही त्यांना एक अडचणीचा प्रश्न विचारू शकतो, आणि त्याने तो विचारावा. ट्युब्युलिनचा द्विध्रुव आघूर्ण आणि क्षेत्राची तीव्रता यांचा गुणाकार केला की क्षेत्र त्या विटेला किती ऊर्जा देते ते कळते. शरीराच्या तापमानाला रेणू जी उष्णतेची धडपड करत असतात, तिची ऊर्जा याच्या काही हजार पट भरते. मग वादळात फुंकर घालून पतंग वळवावा तसे हे झाले. म्हणून नेमकी यंत्रणा कोणती यावर आजही वाद आहे. पेशीच्या पटलावर परिणाम होतो, डीएनएची दुरुस्ती मंदावते, असेही पुरावे पुढे आले आहेत. औषधशास्त्रात हे नवीन नाही. 'काम करते' आणि 'का करते' यांची उत्तरे एकाच वेळी मिळतात असे नाही.

काम करते का, ते मात्र माणसांवरच तपासावे लागते. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगात शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि टेमोझोलोमाइड हे औषध असा प्रमाण उपचार २००५ पासून रूढ आहे. एवढे सारे करूनही निम्मे रोगी सव्वा वर्षाच्या आसपास दगावत. या उपचारात विद्युत क्षेत्राची भर घालून ६९५ रोग्यांवर चाचणी झाली आणि तिचे अंतिम निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. केवळ औषध घेणाऱ्या गटाचे मध्यक आयुर्मान १६ महिने भरले, तर औषध आणि क्षेत्र दोन्ही घेणाऱ्यांचे २०.९ महिने. पाच वर्षांनंतर पहिल्या गटात शंभरातले ५ जण जिवंत होते, दुसऱ्यात १३. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने उलटून आलेल्या गाठीसाठी २०११ मध्ये आणि नव्याने निदान झालेल्या रोग्यांसाठी २०१५ मध्ये मान्यता दिली. पुढे फुफ्फुसाच्या आवरणाचा आणि काही प्रकारचा फुफ्फुसाचा कर्करोगही या यादीत आला.

टीकाकारांचा मुख्य आक्षेप असा की, दुसऱ्या गटाला खोटे यंत्र लावलेले नव्हते. आपण कोणत्या गटात आहोत हे प्रत्येकाला ठाऊक होते. आक्षेप रास्त आहे. पण केस काढून डोक्यावर चार पट्ट्या चिकटवून हिंडायचे आणि त्यातून काहीच मिळणार नाही, असे महिनोन्महिने कोणाला करायला लावायचे, हाही प्रश्न आहेच.

आता त्या पट्टीकडे येऊ.

डोक्यावर एकूण चार पट्ट्या असतात, दोन जोड्या. एक जोडी डावी-उजवीकडे, दुसरी पुढे-मागे. साधारण दर सेकंदाला क्षेत्र एका जोडीकडून दुसरीकडे बदलते. कारण पेशी ज्या अक्षावर विभागत असते त्याला क्षेत्र समांतर असेल तेव्हा परिणाम सर्वांत जास्त होतो, आणि गाठीतल्या पेशी काही एका दिशेने तोंड करून बसलेल्या नसतात. प्रत्येक पट्टीवर नऊ चकत्या असतात. चकती सिरॅमिकची, म्हणजे एका अर्थाने चिनी मातीच्या कपाच्या जातीची. चकती आणि त्वचा यांच्यामध्ये खारट जेल.

विद्युत अग्र म्हणून धातू सोडून वीजरोधक सिरॅमिक का? धातू सरळ त्वचेवर ठेवला तर त्याच्या पृष्ठभागावर रासायनिक क्रिया होतात, आणि यंत्रात बिघाड होऊन एकदिश प्रवाह वाहू लागला तर त्वचा भाजते. मध्ये रोधक असला की एकदिश प्रवाहाची वाट कायमची बंद. प्रत्यावर्ती प्रवाह मात्र धारित्रातून जावा तसा पलीकडे जातो. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कंडेन्सरचीच ही करामत आहे. एक पत्रा म्हणजे चकतीच्या पाठीवरचा धातूचा थर, दुसरा पत्रा म्हणजे रोग्याची त्वचा!

येथे थोडे गणित करू या. चकतीचे क्षेत्रफळ ३ चौरस सेंटिमीटर आणि जाडी १ मिलिमीटर धरा. साध्या प्लॅस्टिकचा परावैद्युत स्थिरांक ३ घेतला, तर २०० किलोहर्ट्झला या धारित्राचा अवरोध सुमारे एक लाख ओहम येतो. चकतीतून एक दशांश अँपिअर प्रवाह जायला हवा असेल तर दहा हजार व्होल्ट लावावे लागतील, म्हणजे उपचारापेक्षा आजार बरा. म्हणून असा सिरॅमिक शोधला गेला, ज्याचा स्थिरांक दहा हजारांच्या पुढे आहे. शिसे, मॅग्नेशियम, नायोबियम आणि टायटॅनियम यांच्या ऑक्साइडांचे हे मिश्रण असते. तोच हिशेब पुन्हा केला तर अवरोध सुमारे ३० ओहम आणि लागणारा दाब ३ व्होल्ट. वाटेतल्या त्वचेचा आणि कवटीचा रोध वेगळा. तरीही खांद्याला लटकवता येईल अशा बॅटरीवर यंत्र चालू शकते, ते या एका पदार्थामुळे.

पण सिरॅमिक वाकत नाही, आणि डोके तर चेंडूसारखे दोन्ही दिशांनी वळलेले. मोसंब्यावर पोस्टकार्ड चिकटवून पाहा. मध्यभाग टेकतो आणि कडा उचलल्या राहतात. चकती बारीक असली तरी तेच घडते. जेल ती फट भरून काढते, पण रोगी कुशीवर झोपला, टोपी घातली, घाम आला, केस अर्धा मिलिमीटर वाढले, की फट पुन्हा उघडते. केस वाढतात म्हणून तीन-चार दिवसांनी डोके भादरून नव्या पट्ट्या लावायच्या, त्याही आधीच्या जागेपासून जरा सरकवून, म्हणजे आधीच्या जागेला विश्रांती मिळते. एवढे करूनही वरच्या चाचणीत निम्म्याहून अधिक रोग्यांना पट्टीखाली सौम्य ते मध्यम त्वचादाह झाला. या उपचाराचा मुख्य दुष्परिणाम हाच.

एखादी कड उचलली गेली की प्रवाह उरलेल्या भागात दाटतो. तेथे त्वचा तापते, कारण उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून चकत्यांमध्ये बारीक तापमापक बसवलेले असतात. तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नये यासाठी यंत्र प्रवाह कमी करते. म्हणजे त्वचा तापली की क्षेत्र घटते, आणि क्षेत्र घटले की गाठीला मिळणारी मात्राही घटते. गोळीच्या बाबतीत मात्रा डॉक्टर ठरवतात. येथे ती पट्टीखालच्या त्वचेवर ठरते.

हे वाचताना मला आपला मे महिना आठवल्याशिवाय राहत नाही. असे समजा की पट्टीतली उष्णता हवेत जाऊनच निघते, आणि न्यूटनच्या शीतलीकरणाच्या नियमाप्रमाणे ती पट्टी व हवा यांच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात असते. वीस अंशांच्या वातानुकूलित खोलीत हा फरक ४१ उणे २० म्हणजे २१ अंश. डोंबिवलीच्या फलाटावर दुपारी ३४ अंश असताना तो ७ अंश. उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता एक तृतीयांश झाली. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने प्रवाह एक तृतीयांशाच्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे ५८ टक्क्यांवर आणावा लागेल. प्रत्यक्षात बरीचशी उष्णता त्वचेखालचे रक्त वाहून नेते, त्यामुळे घट एवढी होणार नाही. गणित ढोबळ आहे, पण दिशा बरोबर दाखवते. शिवाय खाडीकाठची दमट हवा. जून ते सप्टेंबर ठाणे-कल्याण पट्ट्यात घाम वाळतच नाही. पट्टीखाली अडकलेला घाम म्हणजे घामोळे, खाज आणि सुटलेला गोंद.

आणि रोजचे तास किती? निदान अठरा, म्हणजे दिवसाचा तीन चतुर्थांश भाग. चाचणीतल्या ज्या ४३ रोग्यांनी नव्वद टक्क्यांहून अधिक वेळ पट्ट्या वापरल्या, त्यांच्यातले सुमारे २९ टक्के पाच वर्षांनी जिवंत होते. हा आकडा वर्गात सांगताना एक सावधगिरी हवी. जो मुळातच अधिक धडधाकट आहे तोच पट्ट्या अधिक वेळ सोसू शकतो. तेव्हा जास्त वेळामुळे जास्त आयुष्य मिळाले, की चांगल्या प्रकृतीमुळे दोन्ही गोष्टी झाल्या, हे या एका आकड्यावरून वेगळे करता येत नाही. मला स्वतःला दोन्ही थोडेथोडे खरे वाटते.

या साऱ्यावर अभियंत्यांनी शोधलेली वाट सुंदर आहे, कारण ती धारित्राच्या त्याच सूत्रात दडलेली होती. धारकता परावैद्युत स्थिरांकाच्या सम प्रमाणात आणि जाडीच्या व्यस्त प्रमाणात असते. स्थिरांक वाढवणे हा एक मार्ग झाला. जाडी घटवणे हा दुसरा. काही फ्लोरिनयुक्त बहुवारिकांचा, म्हणजे साध्या भाषेत प्लॅस्टिकांचा, स्थिरांक ४०-५० पर्यंत जातो. सिरॅमिकच्या दहा हजारांपुढे हा आकडा केविलवाणा वाटेल. पण समजा, त्याचा ५ मायक्रॉन जाडीचा पापुद्रा काढला. दहा हजारांना एक मिलिमीटरने भागा आणि ५० ला ५ मायक्रॉनने भागा. दोन्ही उत्तरे तंतोतंत सारखी! म्हणजे विजेच्या दृष्टीने तो पापुद्रा आणि ती जाड चकती यांच्यात फरक उरत नाही.

फरक पडतो तो वाकण्यात. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. जाडी दोनशे पटींनी कमी केली की ताठपणा ऐंशी लाख पटींनी कमी होतो, आणि प्लॅस्टिक मुळात मऊ, हे आणखी वेगळे. असा पापुद्रा त्वचेबरोबर वाकतो. पाहिजे तेथे त्याला चिरा देता येतात, भोके पाडून घामाला वाट देता येते. चकत्या-चकत्यांऐवजी मोठे सलग क्षेत्रफळ वापरता येते, म्हणजे तोच प्रवाह अधिक त्वचेवर पसरतो आणि उष्णतेची दाटी कमी होते. शिवाय आठवड्याला दोनदा फेकल्या जाणाऱ्या वस्तूतून शिसे गेले, ही गोष्टही लहान नाही. २०२४ साली अमेरिकेत डोक्यासाठीच्या अधिक पातळ, हलक्या आणि लवचीक पट्ट्यांना मान्यता मिळाली.

अडचणी संपल्या असे मात्र नाही. पाच मायक्रॉनच्या पापुद्र्यात बनवताना धुळीचा एक कण राहिला तर तेथे छिद्र पडते आणि सारा रोधकपणा संपतो. जोडणीच्या तारा त्वचेबरोबर ताणल्या जायला हव्यात, म्हणून त्या सरळ न काढता नागमोडी काढतात. आणि कोणताही पापुद्रा गोंदाशिवाय चिकटत नाही. गोंद घट्ट असेल तर काढताना त्वचा सोलते, सैल असेल तर घामाने सुटतो. जेल पाणीदार असेल तर वाळते, घट्ट असेल तर केसांच्या खुंटांमध्ये शिरत नाही. या तडजोडींना अजून सूत्र सापडलेले नाही. त्या प्रत्यक्ष कातडीवर लावून, घाम गाळूनच कराव्या लागतात, आणि ज्या हवेत पट्टी वापरायची त्याच हवेत केलेल्या बऱ्या.

किंमत हा दुसरा घाम. अमेरिकेत या उपचाराची छापील किंमत महिन्याला सुमारे २१ हजार डॉलर सांगितली जात असे. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घराला हा आकडा ऐकूनच गप्प व्हावे लागते. तरी अलीकडचेच एक उदाहरण समोर आहे. कर्करोगावरील कार-टी पेशी उपचार परदेशात कोट्यवधी रुपयांना मिळतो. पवईच्या आयआयटीत विकसित झालेला आणि टाटा स्मारक केंद्राच्या साथीने तपासला गेलेला नेक्सकार-१९ हा उपचार २०२४ च्या एप्रिलमध्ये तिकडच्या सुमारे एक दशांश किमतीत आपल्याकडे सुरू झाला. तो तर जिवंत पेशींचा खेळ होता. पापुद्रा, गोंद आणि जेल यांचा खेळ त्यापेक्षा अवघड असू नये, असे मला वाटते. २०० किलोहर्ट्झचा आंदोलक जुळवणे आपल्या कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांना जमेल.

पट्टीच्या अभ्यासाची सुरुवात शाळेतही करता येते, आणि तिला विजेची गरज नाही. कोणीही शरीरावर वीज लावून पाहायची नाही, हे विद्यार्थ्यांना आधीच बजावावे. औषधाच्या दुकानातली कागदी चिकटपट्टी आणा. तिच्याखाली दोन सेंटिमीटरचे चौकोन ठेवायचे: एक जाड पुठ्ठ्याचा, एक पोस्टकार्डाचा, एक दुधाच्या पिशवीच्या प्लॅस्टिकचा. पट्टी चारी बाजूंनी सारखीच बाहेर राहील असे पाहावे. हे तिन्ही चौकोन मनगट आणि कोपर यांच्या मध्ये एका ओळीत चिकटवावेत. ज्यांना चिकटपट्टीने पुरळ येते अशा मुलांना यातून वगळावे. दर तासाला प्रत्येक चौकोनाच्या किती कडा सुटल्या ते वहीत लिहावे, सोबत त्या वेळी मूल पंख्याखाली होते, खेळत होते की प्रवासात, हेही लिहावे. चाळीस मुलांच्या नोंदी एकत्र केल्या की वेळ आणि सुटलेल्या कडा यांचा आलेख निघतो. एका वर्गाने तो जानेवारीत काढावा, दुसऱ्याने जूनमध्ये शाळा उघडल्यावर, आणि दोन्ही आलेख शेजारी लावावेत.

मी स्वतः एका सकाळी हे तिन्ही चौकोन हातावर लावून डोंबिवलीहून धिम्या गाडीने निघाले. पुठ्ठ्याची पहिली कड दिव्याला सुटली आणि दुसरी मुंब्र्याला. कळव्यापर्यंत पोस्टकार्डाचा एक कोपरा उचलला होता. दुधाच्या पिशवीचा तुकडा ठाण्याला उतरेपर्यंत जागेवर होता, पण रात्री काढला तेव्हा त्याच्याखाली घामोळ्याचा स्वच्छ चौकोन उमटलेला होता.